शिकाऊ मुले आणि शिकणारे विद्यार्थी

आम्ही कामगार चळवळीतले. बालगुन्हेगारीवर आम्ही काय बोलणार, असे पुष्कळांना वाटेल. आमचे शाळेतले शिक्षणही बेताचेच. पण आपल्या देशातला या विषयाचा पहिला कायदा म्हणून ज्याचे नाव घेतात तो १८५० चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा! म्हणजे विषय फिरून आमच्याच अंगणात आला. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाने किरकोळ गुन्हा केला तर मॅजिस्ट्रेटने त्याला तुरुंगात न धाडता एखाद्या मालकाकडे शिकाऊ म्हणून बांधून द्यावे, अशी त्यात सोय होती. हेतू दयेचा खरा. पण अशा मुलाची बाजू मालकापुढे कोणी मांडायची? गेटवर आयुष्य घालवलेल्या माणसाला हा प्रश्न आधी सुचतो.

पुढे १८५७ च्या सुमारास मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. १९२४ साली मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा झाला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी आली. इमारती झाल्या, कायदे झाले. मुलाशेजारी बसून त्याचे ऐकणारे माणूस मात्र कमी होते.

ते माणूस तयार करण्याचे काम १९३६ साली नागपाड्यात सुरू झाले. क्लिफर्ड मॅन्शर्ट यांच्या पुढाकाराने टाटा ट्रस्टच्या पैशावर समाजकार्याची शाळा निघाली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. तिची रीत आम्हांस फार आवडते. वर्गात ऐकायचे आणि वस्तीत, संस्थेत प्रत्यक्ष काम करून ते पडताळायचे. फिटरसुद्धा असाच तयार होतो, नुसते पुस्तक वाचून कोणी फाइल चालवायला शिकत नाही. याच संस्थेने १९९० मध्ये ‘प्रयास’ हा प्रकल्प काढून तुरुंग आणि पोलीस ठाण्यांतल्या माणसांपर्यंत समाजकार्यकर्ते नेले. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून आहे.

इकडे आमच्या पट्ट्यात १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना निघाला, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, मागाहून चाकण वाढले. कारखान्यांमागे वस्त्या आल्या, वस्त्यांत मुले वाढली. २०१८ साली पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालयही मिळाले.

मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातानंतर अल्पवयीन मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, तेव्हा लोक संतापले. दोन तरुण जीव गेले होते. संताप योग्यच होता. पण तेव्हापासून सुधारणेचे नाव काढले की लोक हसतात, आणि त्या हसण्याची झळ गरिबाच्या पोराला लागते.

असे एक पोर आम्ही पाहिले आहे. शेडमधली तांब्याची केबल चोरताना सोळाव्या वर्षी सापडले. बाल न्याय मंडळाने त्याला देखरेखीखाली घरी सोडले. समाजकार्याची एक विद्यार्थिनी दर शनिवारी त्याच्याकडे येई. आयटीआयचा फॉर्म तिनेच त्याच्याकडून भरून घेतला. एप्रिलात तिची परीक्षा आली आणि येणे थांबले. पोर पुढचे दोन शनिवार नाक्यावर उभे होते. आमची तक्रार आहे ती इथे: विद्यार्थ्याची सेवा सत्राबरोबर संपते, मुलाचे वय तसे संपत नाही. जाणाऱ्याने येणाऱ्याच्या हाती ते पोर सोपवून जावे, एवढे तरी संस्थांनी बघायला नको काय?

आयटीआय करून तो एका कारखान्याच्या गेटवर गेला. फॉर्मवर प्रश्न होता, ‘पूर्वी कधी अटक झाली आहे काय?’ तो फॉर्म घेऊन आमच्याकडे आला. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे चोविसावे कलम आम्ही त्याला वाचून दाखवले. प्रौढ म्हणून ज्यांच्यावर खटला चालला ती मुले वगळता, अशा मुलाला जुन्या प्रकरणामुळे कोणतीही अपात्रता चिकटत नाही. मुदतीनंतर ते कागदही नष्ट करायचे असतात. त्याने ते दोनदा वाचायला लावले आणि मग ‘नाही’ लिहिले.

पहिल्या पगाराला तो पेढे घेऊन आला. एक पुडा वेगळा बांधलेला होता. त्या ताईंचा पत्ता द्या, म्हणाला. आमच्याकडे तो नव्हता.