कोयत्याच्या दराची कुळकथा

सरकारी कचेरीतल्या कारकुनाला १ जुलै उजाडला की मूळ वेतनावर ३ टक्के वेतनवाढ मिळते आणि तिची नोंद त्याच्या सेवापुस्तकात होते. त्याच सुमारास बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, बीड जिल्ह्यातल्या शिरूर, पाटोदा, धारूर, वडवणी या तालुक्यांतल्या गावोगावी, मुकादमाच्या ओसरीवर मुद्रांकाच्या कागदावर ऊसतोड मजुरांचे अंगठे उठत असतात. येत्या हंगामाची उचल घेतली जात असते, आणि कराराची मुदत सरलेले साल असेल तर टनामागे दर काय पडणार हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते, घेणाऱ्यालाही नसते.

ही रीत कशी पडली, हे समजून घेण्यासाठी साखर कारखानदारीच्या आरंभाकडे जावे लागते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला, त्यामागोमाग प्रवरा, नीरा, कृष्णा यांच्या पाण्यावर कारखान्यांची रांग उभी राहिली, आणि त्यांना दसरा-दिवाळीपासून चैत्र-वैशाखापर्यंतच लागणारे हजारो हात पर्जन्यछायेतल्या बीडने पुरवले. १९७२ च्या दुष्काळाने तर हा ओघ कायमचा झाला. वर्षातून सहाच महिने लागणाऱ्या या माणसांना कारखान्याने आपले नोकर म्हणून कधी पत्करले नाही. करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा जोडप्याशी. आणि त्या जोडप्याला हिशेबात नाव एकच, ‘कोयता’.

मालक कोण हेच जेथे अनिर्णित, तेथे वाढ मागायची कोणाकडे? पाथर्डीचे बबनराव ढाकणे आणि नंतर परळीचे गोपीनाथ मुंडे यांनी मजुरांना संघटित केले, तेव्हा हाती हत्यार होते ते एकच: दसरा झाला तरी गाव सोडायचे नाही. कोयता बंद राहिला की उभा ऊस वाळू लागतो, साखरेचा उतारा घटतो, आणि मग राज्य सहकारी साखर कारखाना संघ वाटाघाटीला बसतो. यातूनच लवादाची प्रथा रुजली. शरद पवार आणि मुंडे यांच्या मसलतीने दर ठरू लागले, आणि २०१४ साली मुंडे निवर्तल्यावर मजुरांची बाजू पंकजा मुंडे यांनी घेतली. २०१५ साली २० टक्के वाढ पाच वर्षांसाठी ठरली, २०२० साली सरासरी १४ टक्के तीन वर्षांसाठी, आणि जानेवारी २०२४ मध्ये, गाळप हंगाम सुरू झाल्यानंतर, ३४ टक्के. त्याच बैठकीत मुकादमाचे कमिशनही एक टक्क्याने वाढले.

या वाढीचे खरे स्वरूप फडातच दिसते. पहाटेच्या अंधारात नवरा बुडख्याशी वाकून ऊस तोडतो, बायको वाढ्यांच्या आळ्याने मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. असा दिवसाकाठी दीड-दोन टन माल काट्यावर जातो. काट्याच्या पावतीवर जे वजन उतरते, टक्केवारी त्याच वजनावर लागते. पंचवीस हंगाम तोडणी केलेल्या बाईच्या सराईत हातांना आणि या वर्षी प्रथमच फडात उतरलेल्या पोराला दर एकच मिळतो; अनुभवाचे मोल त्यात कोठेही धरलेले नाही. उलट वय चढते, कंबर जाते, दिवसाचे वजन उतरते, आणि दर वाढूनही हातात पडणारी रक्कम घटते. जी काही रक्कम वाढून येते ती प्रथम उचलीत वळती होते, आजारपणाचा खाडा पडला तर त्याचीही वजावट होते, आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढल्या हंगामाच्या माथी बसते. आमच्या मते या पद्धतीतला सर्वांत मोठा अन्याय अनुभव न मोजण्यातच आहे. कारकुनाची वाढ त्याच्या सेवेच्या वर्षांना मिळते. येथे वर्षे मोजणारे कागदच नाहीत.

आता गोपीनाथ मुंडे यांच्याच नावाचे कल्याण महामंडळ स्थापन झाले असून कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये त्यात भरावयाचे आहेत, आणि ग्रामसेवकांनी मजुरांची नोंद करून ओळखपत्रे द्यावीत असा शासनाचा हुकूम २०२१ साली निघाला आहे. त्या ओळखपत्रावर बाईचे नाव नवऱ्याच्या नावापासून स्वतंत्र लिहिले जावे, तिने केलेल्या हंगामांची संख्या त्याखाली दरसाल चढवली जावी, आणि पुढला करार ठरवताना लवादाने ती संख्या दरात धरावी, अशी मागणी मजुरांच्या पुढाऱ्यांनी आता मांडली पाहिजे.