वळिवड्याच्या बराकी

बेळगाव-निपाणीकडील श्रोत्यांपैकी अनेकजण लग्नाचा बस्ता बांधावयास कोल्हापूरजवळच्या गांधीनगरात जाऊन आले असतील. तेथील सिंधी व्यापारी सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु फाळणीनंतर हे सिंधी बांधव ज्या बराकींत प्रथम उतरले, त्या बराकी त्यांच्यासाठी बांधलेल्या नव्हत्या. त्यांच्यापूर्वी तेथे युरोपातील एक निर्वासित समाज राहून गेला होता. 1943 पासून 1948 च्या आरंभापर्यंत वळिवड्याच्या त्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहत होती. त्यांना येथे आसरा मिळाला. कायमचे घर मात्र मिळाले नाही. तात्पुरता आश्रय आणि कायमचे वास्तव्य यांमध्ये केवढे अंतर असते, हे या एकाच जागेच्या इतिहासावरून चांगले ध्यानात येते.

पोलंडवर 1 सप्टेंबर 1939 रोजी पश्चिमेकडून जर्मनीने आणि 17 सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएट रशियाने आक्रमण केले. पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना 1940 व 1941 या दोन वर्षांत घरांतून उठवून सैबेरिया, कझाकस्तान अशा दूरच्या मुलखांत नेण्यात आले. थंडी, उपासमार व रोगराई यांनी त्यांतील पुष्कळजण दगावले. जून 1941 मध्ये जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा परिस्थिती पालटली. 30 जुलै 1941 रोजी रशियाने लंडनमधील पोलिश सरकाराशी करार केला. बंदिवानांची सुटका होऊ लागली आणि जनरल आंडर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सेना उभी राहू लागली. 1942 मध्ये ही सेना आणि तिच्या आश्रयाने निघालेली कुटुंबे, मिळून एक लाखाहून अधिक माणसे, इराणमध्ये पोहोचली. बहुसंख्य लोक कास्पियन समुद्र ओलांडून पहलवी बंदरात उतरले. तरुण पुरुष युद्धावर गेले. मागे राहिलेल्या स्त्रिया, मुले व वृद्ध यांना ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न उभा राहिला.

त्यांच्यासाठी पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड अशा ठिकठिकाणी जागा शोधण्यात आल्या. हिंदुस्थानात नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी 1942 मध्येच बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी छावणी उघडली होती. पुढे कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या परिसरात, वळिवड्याची मोठी छावणी उभी राहिली. बालाचडीची छावणी 1946 मध्ये बंद झाल्यावर तेथील मुलेही येथेच आणण्यात आली.

वळिवडे हे पाहता पाहता एक लहानसे पोलिश गाव बनले. तेथे चर्च होते, इस्पितळ होते, टपाल कचेरी होती. प्राथमिक व माध्यमिक शाळा होत्या, बालवीरांची पथके होती. सणासुदीला नाटके होत, गाणी होत. कोल्हापूरचे दुकानदार व फेरीवाले छावणीत येत आणि पोलिश बायका मोडक्यातोडक्या मराठीत त्यांच्याशी घासाघीस करीत. परंतु या संसाराची मांडणी परतीच्या प्रवासाची होती. मुलांना शिकवावयाचे ते पोलिश भाषेतून, आणि तेही मायदेशी गेल्यावर उपयोगी पडावे म्हणून. युद्ध संपले की ही मंडळी आपापल्या घरी जातील, हे सरकारने गृहीत धरले होते, आणि त्या मंडळींची स्वतःचीही तीच आशा होती.

युद्ध संपले, पण घर उरले नाही. फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टा येथे रूझवेल्ट, चर्चिल व स्टालिन यांनी जो निर्णय केला, त्याने पूर्व पोलंडचा बहुतेक प्रदेश रशियाकडे गेला. छावणीतील बहुसंख्य लोकांची गावे याच प्रदेशातली. जुलै 1945 मध्ये ब्रिटन व अमेरिका यांनी लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातील नव्या सरकारला मान्यता दिली. ज्या सरकारच्या नावाने ही माणसे येथे आली होती, ते सरकारच कायद्याच्या दृष्टीने नाहीसे झाले. छावणी तीच होती, शाळेची घंटा पूर्वीप्रमाणेच वाजत होती. पण पाच हजार माणसांचा उद्याचा पत्ता हरवला होता.

यातून वाट निघाली ती मुख्यतः कायद्याने. आंडर्स यांच्या सेनेने इटलीत ब्रिटिशांच्या खांद्याला खांदा लावून युद्ध केले होते. मे 1944 मध्ये मॉन्ते कासिनोचा मठ तिनेच सर केला. या सैनिकांना त्यांच्या इच्छेविरुद्ध परत पाठविणे ब्रिटनला शोभण्यासारखे नव्हते. म्हणून 1947 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने पोलिश पुनर्वसनाचा कायदा केला. निवृत्तिवेतन, निवारा, शिक्षण व औषधोपचार यांची तरतूद त्यात होती, आणि सैनिकांच्या कुटुंबीयांनाही तिचा लाभ होता. हे सारे केवळ कृतज्ञतेपोटी झाले असे मात्र नव्हे. ब्रिटनच्या खाणींना व शेतीला त्या वेळी माणसे हवी होती. दुसरीकडे काही कामगार संघटनांचा परक्यांना विरोधही होता. तरीही हे लोक तेथे रुजले. 1951 च्या ब्रिटिश शिरगणतीत पोलंडमध्ये जन्मलेल्यांची संख्या 1 लाख 60 हजारांहून अधिक भरली.

वळिवड्यातील ज्या बाईचा नवरा, मुलगा किंवा भाऊ त्या सेनेत होता, तिला या कायद्याने वाट मिळाली. जिचे असे कोणी नव्हते, तिला दुसरे दार शोधावे लागले. काहीजण पोलंडला परतले, काहींची रवानगी पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत झाली, काही पुढे दूरदूरच्या देशांत विखुरले. सैबेरियातील हाल सर्वांचे सारखे होते. परंतु पुढील आयुष्य ठरले ते हालांवरून नव्हे, तर कोणाशी कोणते नाते कागदावर दाखविता येते यावरून.

1948 मध्ये छावणी रिकामी झाली आणि त्याच बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबे उतरली. तीही घरदार गमावून आली होती. पण त्यांच्यासाठी स्वतंत्र भारताने वेगळी व्यवस्था केली. घटनेच्या सहाव्या कलमाने ठरविले की, जो स्वतः किंवा ज्याचे आईबाप वा आजा-आजी अखंड हिंदुस्थानात जन्मले, आणि जो 19 जुलै 1948 पूर्वी पाकिस्तानातून येऊन येथेच राहिला, तो भारताचा नागरिक समजला जाईल. त्या दिवशी वा नंतर येणाऱ्यांसाठी सहा महिन्यांचे वास्तव्य व नोंदणी अशी अट होती. छावणीचे गांधीनगर झाले. तात्पुरत्या निवाऱ्याच्या जागी दुकाने, घरे, शाळा उभ्या राहिल्या. ज्याला आपण येथेच राहणार हे ठाऊक असते, तो पक्क्या भिंती बांधतो.

यात कोल्हापूरला दोष देण्याचे कारण नाही. दुष्काळाच्या व युद्धाच्या काळात परक्या मुलांना आसरा देणे हे थोर कृत्य होते. मात्र दया दार उघडते, आणि आत आलेल्याने किती दिवस राहावे हे कायदा सांगतो. हा प्रश्न आजही मिटलेला नाही. युरोपीय संघाने सामूहिक स्थलांतराच्या प्रसंगासाठी 2001 मध्ये तात्पुरत्या संरक्षणाचा नियम केला, आणि तो प्रथम अमलात आला मार्च 2022 मध्ये, युक्रेनच्या निर्वासितांसाठी. त्यांतील लक्षावधी लोक पोलंडमध्येच शिरले. त्या संरक्षणाची मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली. परंतु केवळ त्याच्या आधारे कोणास कायम राहण्याचा हक्क मिळत नाही. ज्यांच्या आजीने वळिवड्याच्या बराकीत परतीची वाट पाहिली, त्यांच्याच देशात आज दुसऱ्या आया मुलांना घेऊन तसाच विचार करीत आहेत.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात 1998 मध्ये उभारलेला पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सा शहरातही वळिवडे छावणीचे स्मृतिचिन्ह असून, ऑगस्ट 2024 मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. वळिवड्यातील फार थोड्या पोलिश स्त्रिया लग्न करून येथे राहिल्या. त्यांच्याखेरीज कोल्हापुरात कायमचे राहिले ते ख्रिस्ती दफनभूमीत विसावलेले पोलिश लोक. त्यांना मुदतवाढ मागावी लागली नाही.