युद्ध अमेरिकेत, कर्ज सुप्यात

जागतिकीकरण म्हटलं की आपल्याला 1991 आठवतं. कोक, केबल टीव्ही, कॉल सेंटर वगैरे. पण आजची गोष्ट त्याच्याही सव्वाशे वर्षं आधीची आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटतं, मुंबईत पैशाचा पाऊस पडतो, आणि त्या सगळ्याच्या दहा वर्षांनी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांच्या वह्या जाळतात. या तीन गोष्टी एकमेकींना कशा जोडल्या गेल्या, तेच आज बघू.

सुरुवात इंग्लंडपासून. लँकेशायरच्या कापडगिरण्या तेव्हा जगाला कापड पुरवत होत्या. पण त्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस एकाच ठिकाणाहून यायचा: अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून, गुलामांच्या मजुरीवर पिकलेला. एका देशावर एवढं अवलंबून राहणं धोक्याचं आहे, हे गिरणीवाल्यांना कळत होतं. पण माल स्वस्त आणि चांगला होता, त्यामुळे चाललं होतं तसं चालू राहिलं.

एप्रिल 1861 मध्ये युद्ध सुरू झालं आणि राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. जहाजं अडली, कापूस येईना. लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडल्या, हजारो कामगारांच्या घरची चूल विझली. मग सगळ्यांच्या नजरा वळल्या मुंबईकडे.

आपला कापूस आखूड धाग्याचा. लँकेशायरचे कामगार त्याच्यावर नाखूश असायचे, कारण धागा सारखा तुटायचा. पण दुसरा कापूसच नाही म्हटल्यावर काय करणार? 1859 ते 1864 या काळात मुंबईत कापसाचा भाव चौपटीच्या आसपास गेला. युद्धाच्या वर्षांत नेहमीच्या कमाईच्या वर सात ते आठ कोटी पाउंड मुंबईत आले, असा अंदाज नेहमी दिला जातो. हार्बर लाइनवर तुम्ही कॉटन ग्रीन स्टेशन पाहिलं असेल. ते नाव कापूस बाजाराचं. तेव्हा हा बाजार कुलाब्याला भरायचा, शिवडीकडे तो नंतर आला.

आता एवढा पैसा आला की तो कुठेतरी लावायला हवा. जानेवारी 1865 पर्यंत मुंबईत 31 बँका आणि समुद्र बुजवून जमीन तयार करणाऱ्या 8 कंपन्या होत्या. त्यातली सगळ्यात गाजलेली बॅक बे रिक्लेमेशन. 5,000 रुपये भरलेल्या तिच्या एका शेअरचा भाव 50,000 च्या घरात गेला. समुद्र अजून समुद्रच होता, बरं का! या सगळ्या खेळाच्या केंद्रस्थानी होते प्रेमचंद रायचंद. वय जेमतेम तेहेतीस. कुठल्या कंपनीचे शेअर कोणाला मिळणार, हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहिला, आईच्या नावानं.

पण खरी गोम बँक ऑफ बॉम्बेमध्ये होती. हिच्यात सरकारचंही भांडवल होतं. 1863 च्या कायद्यानं तिला शेअर तारण ठेवून कर्ज द्यायची मुभा मिळाली. म्हणजे शेअर गहाण टाका, कर्ज काढा, त्या पैशातून आणखी शेअर घ्या. शिवाय वायद्याचे सौदे होतेच. आज एफ अँड ओमध्ये जे चालतं, त्याचंच हे जुनं रूप.

9 एप्रिल 1865 ला दक्षिणेच्या जनरल लीनं शरणागती पत्करली. अटलांटिकखालून टिकणारी तार पडायला अजून एक वर्ष होतं. बातमी आधी जहाजानं युरोपात आणि मग पुढे मुंबईत, असा प्रवास. पण शांततेच्या नुसत्या चाहुलीनंच भाव आधीपासून ढासळू लागले होते, आता तर ते आपटलेच. वायदे पुरे करायची तारीख होती 1 जुलै 1865. त्या दिवशी देणी द्यायला कोणाकडे पैसाच नव्हता. बॅक बेचा शेअर भरलेल्या रकमेच्याही खाली गेला. कंपन्या एकामागून एक गुंडाळल्या गेल्या, आणि 1868 मध्ये बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक उघडली, जी पुढे आजच्या स्टेट बँकेच्या पूर्वजांपैकी एक ठरली.

बहुतेक ठिकाणी ही गोष्ट इथंच संपते. शेठ लोक बुडाले, हळहळ व्यक्त झाली, पडदा पडला. मला मात्र पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

तेजीच्या काळात पैसा वरून खाली कसा उतरला ते बघा. मुंबईचा निर्यातदार शहरातल्या सावकाराला उचल द्यायचा, तो गावच्या सावकाराला, आणि गावचा सावकार शेतकऱ्याला. वऱ्हाड-खानदेशात कापूस होता. पुणे-नगरकडे कापूस फार नव्हता, पण धान्याचे भाव वाढले, मजुरी वाढली, आणि मुख्य म्हणजे कर्ज सहज मिळू लागलं. त्यातच सरकारनं जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणी काढली. ती करताना नजरेसमोर भाव होते ते चढे. इंदापूर, भीमथडीकडे काही ठिकाणी सारा 50 टक्के किंवा त्याहून जास्त वाढला.

मग मुंबईचा झरा आटला. सावकारानं हात आखडता घेतला आणि जुनी वसुली सुरू केली. पिकांचे भाव उतरले, सारा मात्र तेवढाच राहिला. 1859 च्या मुदतीच्या कायद्यानुसार कर्जरोखा तीन वर्षांपुरता. हेतू असा की व्याज वर्षानुवर्षं साचू नये. झालं उलटंच! दर तीन वर्षांनी सावकार मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घ्यायचा, आणि त्यावर पुन्हा व्याज. शेतकरी अंगठा उठवायचा. पैसे थकले की दिवाणी कोर्ट जमीन जप्त करायचं.

12 मे 1875. सुपे, बाजाराचं गाव. शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडे वह्या आणि रोखे मागितले. हाती लागलेले कागद जाळले, धान्याची दुकानं लुटली, काही घरांना आगी लावल्या. बघता बघता हे लोण पुणे-नगरच्या तीसहून अधिक गावांत गेलं. यालाच आपण दख्खनचे दंगे म्हणतो. राग माणसापेक्षा कागदावर जास्त होता, हे लक्षात घ्या.

सरकारनं आयोग नेमला. आयोगाचा निष्कर्ष असा, की दोष सरकारी साऱ्याचा नाही, सावकारीचा आहे. 1879 मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. पण तोपर्यंत 1876 ते 78 चा भीषण दुष्काळ याच माणसांवरून गेला होता.

आता यातून घ्यायचं काय? जोडलेल्या जगात नफा आणि तोटा दोन्ही प्रवास करतात, पण एकाच वाटेनं नाही. कंपनी बुडते, तिचं लिक्विडेशन होतं, कागदोपत्री गोष्ट मिटते. बँक त्याच नावानं पुन्हा उघडते. शेतकऱ्याच्या रोख्याला मात्र लिक्विडेशन नव्हतं. जोखीम वरून खाली सरकत जाते आणि जिथून तिला पुढे ढकलता येत नाही, तिथं मुक्काम करते.

हे जुनं झालं असं वाटत असेल, तर ऑगस्ट 2025 आठवा. अमेरिकेनं भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं. त्याच महिन्यात आपल्या सरकारनं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क तात्पुरतं उठवलं, म्हणजे कापड उद्योगाला कच्चा माल स्वस्त मिळावा. उद्योगाची अडचण खरी होती. पण विदर्भात तेव्हा कापूस शेतात उभा होता, वेचणी पुढ्यात होती. आणि आता तर बातमी कळायला जहाजाची वाट बघावी लागत नाही, ती त्याच मिनिटाला शेतकऱ्याच्या मोबाईलवर येते. पण पेरणी होऊन गेल्यावर ती कळून तो करणार काय?

म्हणून पुढच्या वेळी होर्मुझ, टॅरिफ, नाकेबंदी असले शब्द कानावर पडले, की सेन्सेक्स किती पडला एवढंच बघू नका. त्या साखळीत सगळ्यात शेवटी कोण उभं आहे, तेही शोधा. तुमच्या गावात 1865 च्या तेजीच्या किंवा दंग्यांच्या काही आठवणी, जुने रोखे, घरातल्या गोष्टी असतील तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!