नॉयमन यांचा परतीचा प्रवास

एकोणिसाव्या शतकातले मिशनरी म्हटले की आपण चर्च, शाळा, धर्मांतर यांचा हिशेब मांडतो. त्यांच्या मागे राहिलेलं घर मात्र त्या हिशेबात येत नाही. म्हणून आज योहान नेपोमुक नॉयमन यांच्याबद्दल बोलतो. इंग्लंडचे कार्डिनल न्यूमन वेगळे, हे आधी सांगून टाकतो.

नॉयमन यांचा जन्म 1811चा, बोहेमियातल्या प्राखातित्से गावचा. वडील मोजे विणायचे. मुलाने धर्मगुरूचं शिक्षण पूर्ण केलं, पण तिथे धर्मगुरूच इतके झाले होते की बिशपांनी गुरुदीक्षा लांबणीवर टाकली. उलट अमेरिकेत जर्मन बोलणाऱ्या स्थलांतरितांना त्यांच्या भाषेत पापनिवेदन ऐकणारा कुणी मिळत नव्हता. 1836च्या फेब्रुवारीत, निरोपाचा प्रसंग टाळून, नॉयमन घराबाहेर पडले. फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरातून जहाज धरलं. न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा खिशात जेमतेम एक डॉलर होता. त्याच जूनमध्ये गुरुदीक्षा झाली. मुलाची पहिली मिस्सा काही आई-वडिलांना पाहता आली नाही.

मग त्यांना घराचं काहीच नव्हतं का? तसं म्हणता येत नाही. 1839मध्ये धाकटा भाऊ वेन्झेल त्यांच्याकडे आला आणि पुढे दोघंही रिडेम्प्टोरिस्ट संघात गेले. म्हणजे नॉयमन यांना घरचं माणूस मिळालं, पण आई-वडिलांचा आणखी एक मुलगा समुद्रापार गेला. या व्यवहारात कुणाच्या वाट्याला काय आलं, ते बघा.

1852 साली ते फिलाडेल्फियाचे बिशप झाले. दोन वर्षांनी पोप नववे पायस यांनी जगभरच्या बिशपांना रोमला बोलावलं. 8 डिसेंबर 1854ला निष्कलंक गर्भसंभवाचा सिद्धांत जाहीर झाला, तेव्हा नॉयमन तिथे होते. तिथूनच ते पुढे गावी गेले. 1855च्या फेब्रुवारीत, म्हणजे एकोणीस वर्षांनी, वडिलांची भेट झाली. आई 1849मध्येच गेली होती.

माझ्या मते खरा मुद्दा इथे आहे. ज्या चर्चने त्यांना घरापासून लांब नेलं, त्याच चर्चच्या कामाने घराची वाट पुन्हा दाखवली. पण ती वाट चर्चच्या सवडीने उघडली, आईच्या आयुष्याच्या सवडीने नाही. मुक्काम काही दिवसांचाच झाला आणि ते पुन्हा जहाजावर चढले. 5 जानेवारी 1860 रोजी, अवघ्या 48व्या वर्षी, फिलाडेल्फियाच्या रस्त्यावर चालता चालता ते कोसळले आणि गेले.

1977मध्ये त्यांना संतपद मिळालं. त्यागाचं श्रेय आपण नॉयमन यांना देतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या त्यागाची अर्धी किंमत प्राखातित्सेतल्या घराने मोजली. इतिहास लिहिताना ती बाजूही खात्यावर धरायला हवी.