वर्ग, वारसा व वचन

शास्त्रांचा इतिहास त्यांच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांपडतो. पाठ्यपुस्तकाला सिद्धान्त हवा असतो. तो कोणत्या अडचणींतून जन्मास आला, याची विचारपूस करण्यास त्याला सवड नसते. पुण्यामुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकविल्या जाणाऱ्या 'ऑब्जेक्ट-ओरिएन्टेड प्रोग्रॅमिंग' या विषयाची हीच गोष्ट आहे. प्रथम विद्यार्थी संगणकाला क्रमवार आज्ञा देण्यास शिकतो. दुसऱ्या पायरीवर त्याच्यापुढें 'क्लास' म्हणजे वर्ग, 'ऑब्जेक्ट' म्हणजे त्या वर्गांतील एकेक वस्तु, आणि 'इन्हेरिटन्स' म्हणजे वारसा, अशी परिभाषा येऊन उभी राहते. कुत्रा हा प्राणी, मांजर हाहि प्राणी, म्हणून दोघांना प्राण्याचे गुण वारशानें मिळतात, असें उदाहरण फळ्यावर लिहिलें जातें; व्याख्या पाठ होतात आणि परीक्षा पार पडते. परंतु संगणकाला कुत्र्यामांजरांशीं काय कर्तव्य, ही शंका चिकित्सक विद्यार्थ्याच्या मनांत राहूनच जाते. तिचें उत्तर शोधण्यासाठीं नॉर्वे देशांत जावें लागतें.

क्रिस्टन नीगार्ड हे १९४८ पासून नॉर्वेच्या संरक्षण-संशोधन संस्थेंत होते. 'ऑपरेशनल रिसर्च', म्हणजे मोठ्या कामांच्या योजनेचें गणिती परीक्षण, हा त्यांचा विषय. एखाद्या बंदरांत जहाजें येतात, धक्का मोकळा होईपर्यंत थांबतात, माल उतरवितात आणि निघून जातात. तर धक्के किती असावे, म्हणजे जहाजें खोळंबणार नाहींत? अशा प्रश्नाला सरळ समीकरण पुरें पडत नाहीं. म्हणून त्या व्यवहाराची प्रतिकृति संगणकांत उभारावी आणि ती चालवून पाहावी, हा मार्ग निघाला. १९६० मध्यें ऑस्लो येथील 'नॉर्वेजियन कंप्यूटिंग सेंटर' या संस्थेंत आल्यावर नीगार्ड यांनीं या कामासाठीं स्वतंत्र भाषाच रचण्याचें मनावर घेतलें. भाषारचनेंत निष्णात असे ओले-योहान दाल त्यांस येऊन मिळाले, आणि दोघांच्या परिश्रमांतून 'सिम्युला' निर्माण झाली. १९६५ च्या सुमारास तिचें पहिलें रूप 'युनिव्हॅक ११०७' या यंत्रावर वापरांत आलें.

तोंवरच्या रिवाजाप्रमाणें प्रोग्रॅमांत माहिती एका बाजूस व तिच्यावरील क्रिया दुसऱ्या बाजूस असे. पण बंदरांतलें जहाज म्हणजे केवळ वजनाची नोंद नव्हे. त्याला स्वतःचा माल असतो, तसा स्वतःचा आचारहि असतो. म्हणून दोन्ही एका ठिकाणीं बांधणें भाग पडलें, आणि 'ऑब्जेक्ट'चें बीज रुजलें. पुढें दुसरी अडचण आली. पुलावरील टोलनाक्यापुढें वाहनांची रांग आहे. तींत मालमोटारी आहेत, बसगाड्याहि आहेत. रांगेंत उभें राहण्याचा धर्म सर्वांचा एकच. परंतु मालमोटारीला बोजा आणि बसला उतारू. प्रत्येकीसाठीं रांगेचे नियम पुन्हां पुन्हां लिहिणें हा व्यर्थ खटाटोप होता. सी. ए. आर. होअर यांनीं नुकत्याच मांडलेल्या विचारांचा आधार घेऊन दाल व नीगार्ड यांनीं तोड काढली कीं, सामाईक आचार एकदांच एका वर्गांत लिहावा, आणि विशेष वर्गांनीं तो आपल्या आरंभीं जोडून घ्यावा. मे १९६७ मध्यें ऑस्लोजवळ लिसेबू येथें भरलेल्या परिषदेंत त्यांनीं ही रचना विद्वानांपुढें ठेवली. 'सिम्युला ६७' ती हीच. वारशाची कल्पना प्राणिशास्त्राच्या कोष्टकांतून आलेली नाहीं. ती रांगेंत खोळंबलेल्या गाड्यांतून आलेली आहे.

या कल्पनेचे वारसदार मात्र दोन तऱ्हेचे निघाले. अमेरिकेंत यूटा विद्यापीठांत १९६६ मध्यें ॲलन के या तरुण विद्यार्थ्याच्या हातीं पहिली सिम्युला पडली. प्रोग्रॅमचा लांबच लांब कागद इमारतीच्या वाटेंत जमिनीवर अंथरून त्यांनीं तिचा उलगडा केला. जीवशास्त्र शिकलेल्या के यांना तींत शरीरांतील पेशी दिसल्या: प्रत्येक स्वयंपूर्ण, आणि परस्परांशीं व्यवहार केवळ संदेशांच्या द्वारें. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत १९७२ मध्यें जन्मलेली 'स्मॉलटॉक' हें त्या दृष्टीचें फळ. ॲडेल गोल्डबर्ग प्रभृतींनीं ती शाळकरी मुलांनाहि शिकवून पाहिली. 'ऑब्जेक्ट' या शब्दानें लोकांचें लक्ष वस्तूंवर खिळलें आणि संदेश दुर्लक्षित राहिले, असा खेद के यांनीं पुढें प्रकट केला. दुसरे ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप. केंब्रिज येथें संशोधन करतांना त्यांना सिम्युलाची मांडणी मनोहर वाटली. पण तिची गति मंद. म्हणून १९७९ पासून बेल लॅबोरेटरीजमध्यें त्यांनीं वेगवान 'सी' भाषेवर वर्गांचें कलम केलें. १९८३ मध्यें त्या भाषेस 'सी प्लस प्लस' हें नांव मिळालें.

१९९५ मध्यें 'जाव्हा' आली, आणि ही विद्या विद्यापीठांच्या नित्य अभ्यासक्रमांत स्थिर झाली. परंतु प्रसाराबरोबर संक्षेपहि आला. वंशवृक्ष फळ्यावर काढण्यास सोपा. बंदर, पूल आणि रांग मागें राहिलीं. फळ्यावरील कुत्र्याला कांहीं कामच नसल्यामुळें त्याचा वारसा खरा कीं खोटा, हें पारखण्याची कसोटीहि विद्यार्थ्याजवळ उरली नाहीं.

ती कसोटी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील बार्बारा लिस्कोव्ह या विदुषींनीं सांगितली. प्रथम १९८७ मधील एका व्याख्यानांत, आणि अधिक काटेकोरपणें १९९४ मध्यें जॅनेट विंग यांच्यासह लिहिलेल्या निबंधांत. मूळ वर्गावर विसंबून लिहिलेल्या प्रोग्रॅमाला पोटवर्गाची वस्तु दिली, तरी त्याचा विश्वासघात होतां कामा नये, हें तिचें सार. चौरस हाहि आयतच, असें भूमिति सांगते. पण लांबी व रुंदी स्वतंत्रपणें बदलतां येतील, असें आपल्या आयतानें वचन दिलेलें आहे असें समजा. रुंदी ४ ठेवून लांबी १० केली म्हणजे क्षेत्रफळ ४० येईल, या भरंवशावर कोणीं हिशेब लिहिला, आणि त्याच्या हातीं चौरस पडला, तर लांबीबरोबर रुंदीहि १० होऊन उत्तर १०० येईल. यंत्र तक्रार करणार नाहीं. हिशेब मात्र चुकेल. तोच हिशेब एखाद्या पेढीचा किंवा रुग्णाच्या औषधाचा असला, तर या चुकीची किंमत कोण भरणार?

बापाची जमीन ज्यानें घेतली त्यानें बापाचें कर्जहि फेडावें, असा आपल्याकडील जुना न्याय आहे. संगणकांतील वारशालाहि तोच लागू पडतो. पूर्वजाचे गुण घेणें हा त्याचा अर्धा भाग; पूर्वजानें दिलेलीं वचनें पाळणें हा उरलेला अर्धा. पहिला अर्धा व्याख्येंत मावतो. दुसरा समजण्यासाठीं ज्या व्यवहाराचें आपण वर्णन करीत आहों, त्याच्याकडेच वळावें लागतें.

दाल व नीगार्ड यांना २००१ सालचें ट्यूरिंग पारितोषिक मिळालें, आणि २००२ च्या उन्हाळ्यांत थोड्याच आठवड्यांच्या अंतरानें दोघांनींहि इहलोक सोडला. त्यांचें स्मरण ठेवावयाचें तर एक सोपा उपाय सुचतो. शिक्षकानें फळ्यावर कुत्रा काढण्यापूर्वीं विद्यार्थ्यांना एस. टी. स्थानकावर तिकिटाच्या खिडकीपुढें तासभर उभें करावें. कोण कोणासाठीं थांबतो, कोणता नियम सर्वांना सारखा, आणि कोणाच्या भरंवशावर कोण अवलंबून आहे, हें त्यांनीं टिपून आणावें. वर्ग कसे पाडावे, हें मग त्या टिपणांतूनच दिसूं लागेल.