ह्यो चिखल मी तुडवलाय

जँगो चिखलातून चालत येतो. घोडा नाही, खांद्यावर नुसतं खोगीर आणि मागे दोरीनं ओढत आणलेली शवपेटी. सर्जिओ कॉर्बुचीच्या १९६६ सालच्या 'जँगो'ची ही सुरुवात. मी डीव्हीडी आणून आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, ती दाखवली तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. ते खुर्चीत पुढे सरकले. "अमेरिका कुठली रं? ह्यो चिखल मी तुडवलाय."

आबा सातारा जिल्ह्यातले, मराठा लाइट इन्फन्ट्रीतले. १९४३ साली आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर इटलीत उतरले आणि लढाई संपेपर्यंत तिथंच होते. त्यांनी ओळखलं ते बरोबरच होतं. गोष्ट अमेरिका-मेक्सिकोच्या सरहद्दीवरची असली, तरी जँगो ज्या गावात शिरतो ते गाव रोमजवळच्या एलिओस स्टुडिओत उभं केलेलं होतं. चिखल अस्सल इटलीचा.

सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ला त्यांच्याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांनी जे केलं, ज्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते आबा सगळ्यांना सांगत. मुलांना उभं करून, हातवारे करून सांगत. पण रात्री जेवणं झाल्यावर विषय निघायचा तो सांग्रो नदीचा. नोव्हेंबरचा पाऊस, फुगलेलं पाणी, पोटापर्यंत रुतलेली खेचरं. आणि गावं. एका गावात शिरल्यावर म्हाताऱ्या बायका त्यांना हाताला धरून एका भिंतीपाशी घेऊन गेल्या होत्या. भिंतीवर गोळ्यांच्या खुणा होत्या आणि शेजारी दारावर जर्मनांनी चिकटवलेला छापील हुकूम तसाच होता. खाली सही, शिक्का. आबांना त्यातलं अक्षर वाचता आलं नाही, पण तो शिक्का ते पुढं साठ वर्षं विसरले नाहीत. "आधी कागद चिकटवायचा, मग माणूस मारायचा," एवढंच म्हणत.

मला इटलीत बनलेल्या या वेस्टर्न चित्रपटांचं वेड आधीपासून होतं, पण ते कुठून आले हे मला आबांच्या त्या कागदापासून कळायला लागलं. दिग्दर्शक सर्जिओ लिओनी, संगीतकार एनिओ मोरिकोने आणि कॉर्बुची, तिघंही रोमचे. २४ मार्च १९४४ला रोमबाहेरच्या आर्दिआतीन गुहांमध्ये जर्मनांनी ३३५ माणसं मारली, आपल्या एका मेलेल्या शिपायामागे दहा असा हिशेब लावून. तेव्हा कॉर्बुची सतरा वर्षांचा होता, लिओनी आणि मोरिकोने पंधरा. त्या वयात ज्यांच्या शहरात असा हिशेब झाला, त्यांनी पुढं पिस्तुलांचे चित्रपट काढले, तर त्यात कायदा सज्जनांच्या बाजूनं उभा कसा राहील? हॉलिवूडचे वेस्टर्न मीही आवडीनं पाहिलेत. तिथं शेरीफच्या छातीवरच्या बिल्ल्याला वजन असतं. इटलीच्या या चित्रपटांत तो पत्र्याचा तुकडा आहे.

कॉर्बुचीचा 'द ग्रेट सायलेन्स' १९६८चा. गोष्ट अमेरिकेतल्या युटाची, १८९८च्या हिमवादळातली, पण डोंगर इटलीतलेच, डोलोमाइट्सचे. भुकेनं चोऱ्या करायला लागलेली माणसं डोंगरात लपलीत, गावच्या सावकारानं त्यांच्या डोक्यांवर बक्षिसं लावलीत आणि ती बक्षिसं मिळवणारे मारेकरी बर्फातून फिरताहेत. त्यांचा म्होरक्या लोको, म्हणजे क्लाउस किन्स्की. हा माणूस आरडाओरडा करत नाही. तो मारलेली माणसं वाटेवर बर्फात पुरून ठेवतो, घोडागाडी येते तेव्हा उकरून टपावर चढवतो. मुडदे टिकावेत म्हणून बर्फ! किन्स्की हे सगळं दुकानदाराच्या शांतपणानं करतो. त्याच्यासमोर सायलेन्स, जाँ-लुई त्रँतिन्याँनं केलेला. लहानपणी गळा कापल्यामुळे तो मुका आहे. आख्ख्या चित्रपटात नायकाच्या तोंडी एक शब्द नाही. समोरच्यानं आधी हत्यार काढेपर्यंत तो थांबतो, कारण कायद्यातली तेवढीच फट त्याच्यासाठी उघडी आहे.

आणि शेवटी तो हरतो. त्याचे हात आधीच निकामी झालेत, लोकोची माणसं दोन्ही बाजूंनी आहेत, ओलीस धरलेली उपाशी माणसं आत बांधलेली आहेत. सायलेन्स मरतो, त्याच्यावर प्रेम करणारी पॉलिन मरते, मग आतली एकूणएक माणसं मारली जातात. लोको घोड्यावर बसून निघून जातो, बक्षिसं वसूल करायला. त्याच्या मते सगळं कायद्याला धरूनच झालेलं असतं.

आबांनी हा चित्रपट मध्ये एकदाही न उठता पाहिला. भाषेची त्यांना अडचण झाली नाही. मला मात्र भीती वाटत होती, या वयात त्यांना हे कशाला दाखवलं म्हणून. संपल्यावर त्यांनी पाणी मागितलं आणि म्हणाले, "खरं दावलंय." मग दुसऱ्या दिवशी गावातल्या त्यांच्या जुन्या सोबत्याला, तोही इटलीत होता, बोलावून घेतलं आणि मला पुन्हा लावायला सांगितला. दोघं म्हातारे मध्येमध्ये बोलत होते, इतक्या वर्षांत घरात कुणी ऐकली नव्हती अशी गावांची नावं घेत होते. निराशेचे चित्रपट कशाला पाहायचे, असं मला मित्र विचारतात. मी त्या दुपारचं सांगतो. पदकाच्या गोष्टीत ज्यांच्या आठवणींना जागा मिळत नाही, त्यांना कॉर्बुचीनं जागा करून दिली. गोड शेवटानं ती त्यांच्याकडून पुन्हा काढून घेतली असती.

तसा शेवट चित्रित झालाही होता. चित्रपटात आधी बर्फाच्या पाण्यात बुडालेला शेरीफ त्यात घोड्यावरून धावत येतो आणि सायलेन्स वाचतो. डीव्हीडीवर तो वेगळा दिला आहे. आबांच्या सोबत्याला मी तो लावून दाखवला, तर त्यांनी विचारलं, "ह्यो शेरीफ तर बुडाला हुता न्हवं?" आणि चष्मा काढून ठेवला.