हडसनच्या पाण्यातील ऊब

वीजघर म्हटले की डोळ्यांपुढे धुराडे उभे राहते. पण वीजघराचा खरा व्यवहार चालतो तो पाण्याशी. अणुभट्टीत निर्माण होणाऱ्या उष्णतेच्या तीन भागांपैकी जेमतेम एक भाग विजेच्या रूपाने तारांतून जातो. उरलेले दोन वाया जातात. नदीचे पाणी आत घ्यावे, वाफ थंड करावी आणि ऊन झालेले पाणी पुन्हा नदीत सोडावे, हा सर्वांत स्वस्त मार्ग. परंतु स्वस्त कोणाला, हे श्रोत्यांनी पाहावे अशी आमची विनंती आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस, हडसन नदीकाठी, इंडियन पॉइंट येथे १९६२ साली पहिली अणुभट्टी सुरू झाली. माशाच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. पाणी तापले की त्याची प्राणवायूची गरज वाढते, आणि नेमका त्याच वेळी पाण्यातील प्राणवायू घटतो. हिवाळ्यात निराळेच संकट. उबेच्या ओढीने पट्टेदार बास मासे वीजघराच्या धक्क्याखाली झुंडीने येत आणि पाणी खेचणाऱ्या तोंडाशी जाळ्यांवर अडकून मरत. पुढे भट्ट्या वाढल्या, तेव्हा दिवसाला सुमारे अडीच अब्ज गॅलन पाणी आत जाऊ लागले. त्याबरोबर अंडी आणि पिल्लेही जात. थंडीत वीण घालणाऱ्या टॉमकॉड माशाच्या विणीची तर हडसन ही दक्षिणेकडील शेवटची नदी.

१९६६ साली तेथील मच्छीमारांनी संघटना बांधली. तीत सुतार होते, मजूर होते, कारखान्यातील कामगार होते. नदी ही त्यांची मिळकत होती. पाणी थंड करणारे मनोरे बांधा, असा सरकारने आग्रह धरला. कंपन्यांनी खर्चाकडे बोट दाखविले. डिसेंबर १९८० मध्ये तडजोड झाली. मनोरे टळले, विणीच्या दिवसांत पाणी कमी घ्यावे, एवढे ठरले.

सारा दोष उष्णतेच्या माथी मारणे न्यायाचे नाही. पट्टेदार बासची व्यापारी मासेमारी १९७६ साली बंद झाली ती कारखान्यांनी नदीत सोडलेल्या विषारी रसायनांमुळे. पण मनोऱ्यांचा प्रश्न मिटला नव्हता. २०१० साली राज्य सरकारने पाण्याचा परवाना नाकारला. हा वाद, सुरक्षिततेची चिंता आणि स्वस्त नैसर्गिक वायू, या साऱ्यांच्या ओझ्याखाली ३० एप्रिल २०२१ रोजी शेवटची भट्टी थांबली. तिची जागा मुख्यतः वायू जाळणाऱ्या वीजघरांनी घेतली, आणि शेकडो कामगारांना दुसरी वाट शोधावी लागली.

मनोऱ्यांचा खर्च वाचला असे हिशेबाच्या वहीत दिसले असेल. पण तो आधी मच्छीमाराने भरला. पुढे कामगाराचीही रोजी गेली, आणि दोघांनाही कोणी विचारले नव्हते. कामगार संघटनेने पगाराइतकेच पाण्याबद्दल बोलले पाहिजे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. वीजघराचा आराखडा कागदावर असतानाच मच्छीमार आणि कामगार एका बाजूस बसले पाहिजेत. भट्टी पेटल्यावर त्यांना एकमेकांसमोर उभे करणे फार सोपे असते.